कागद कोणी लिहून घेतला, तेही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अग्रलेखात आपण चित्रपटगृहांच्या मालकांना ‘कणाहीन’ म्हटलंत. शुक्रवारी लागलेला चित्रपट धमक्या येताच शनिवारी उतरला, याचा संताप मलाही आहे. रविवारच्या दुपारच्या खेळाचं माझं तिकीट होतं. पण आपण तो संताप भलत्यांवर काढलात. (चित्रपटाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. वाचकांना ते ठाऊक आहे, आणि आपल्या कार्यालयाच्या दर्शनी भागाला काचा आहेत.)

मी एक पडद्याच्या थिएटरात मॅनेजर होतो, रिळांच्या पेट्या एसटीने यायच्या त्या काळापासून. तेव्हा ‘मालकांनी स्वतःहून चित्रपट काढला’ असं जे आपण छापलंत, ते स्वतःहून कसं होतं ते ऐका.

माझ्या नोकरीतली एक गुरुवारची संध्याकाळ होती. उद्याच्या चित्रपटाचे फोटो शोकेसमध्ये लावून झाले होते. पाचसहा जण आले. आरडाओरडा नाही, उलट ‘साहेब, वेळ आहे का?’ असं अदबीने विचारलं. लेटरहेडवरचं निवेदन होतं आणि बरोबर एक फोटोग्राफर. मी कागद वाचत होतो तर त्यातला एक म्हणाला, ‘साहेब, जरा कॅमेऱ्याकडे बघा.’ बघितलं. निवेदनात चित्रपटाबद्दल दोनच ओळी होत्या, त्यातही नायिकेचं नाव चुकलेलं. शेवटी नेहमीचं वाक्य: ‘होणाऱ्या परिणामांची सर्वस्वी जबाबदारी आपली राहील.’ म्हणजे दगड मारणार ते आणि जबाबदार मी.

मी ते घेऊन पोलीस ठाण्यात गेलो. साहेबांनी वाचलं आणि म्हणाले, ‘रोज चार खेळ. चार वेळा गर्दी आत, चार वेळा बाहेर. एवढा बंदोबस्त आणू कुठून? आणि किती दिवस?’ मी म्हटलं, मग खेळ थांबवायचा लेखी आदेश द्या, वितरकाला दाखवतो. ‘आदेश कशाला? तुम्हीच उतरवा ना. कागद द्या लिहून.’ कोरा कागद त्यांनीच पुढे सरकवला, मजकूरही त्यांनीच सांगितला. प्रोजेक्टरमध्ये तांत्रिक बिघाड झाल्यामुळे आम्ही आमच्या मर्जीने खेळ रद्द करत आहोत, पोलीस खात्याविषयी आमची कोणतीही तक्रार नाही. निघताना त्यांनी लायसन्सचं नूतनीकरण कधी आहे, तेही विचारलं. सहजच. थिएटरचं लायसन्स आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्त देतात, इतरत्र जिल्हाधिकारी, हे आपल्या अग्रलेखकारांना माहीत असेलच.

सही केली. आज त्या खुर्चीत असतो तरी केली असती. माझ्याकडे दोन डोअरकीपर होते, त्यातला एक साठीचा. बाल्कनीचा जिना अरुंद. भरल्या थिएटरात, अंधारात कोणी नुसतं ‘पळा’ म्हणून ओरडलं तरी बाहेरून दगड यायची गरज राहत नाही. माणसं दारातच तुडवली जातात. कणा माझा ताठ राहिला असता हो, डोकी दुसऱ्यांची फुटली असती.

सगळ्यात जास्त दुखावला तो आमचा ऑपरेटर. ते मशिन म्हणजे त्याचा जीव. लेन्सला दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. ‘साहेब, बिघाड म्हणून लिहिलंत? माझ्या मशिनला?’ पुढे कितीतरी दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलला. त्याच शुक्रवारी त्याच ‘बिघडलेल्या’ मशिनवर आम्ही एक जुना पौराणिक चित्रपट चारही खेळ चालवला. ठाण्यातले दोघे शिपाई येऊन फुकट बघूनही गेले. आणि ज्याच्यासाठी एवढं झालं, तो चित्रपट हल्ली टीव्हीवर भर दुपारी लागतो. भावना दुखावल्याचं अजून तरी कोणी कळवलेलं नाही.

आपल्या अग्रलेखात ‘सरकारने बंदी घातली नसतानाही’ असं म्हटलं आहे. अहो, घालायची गरजच उरलेली नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच एस. रंगराजन खटल्यात सांगितलं की मोर्चाच्या किंवा हिंसेच्या धमकीमुळे अभिव्यक्तिस्वातंत्र्य दाबता येणार नाही, ती धाकदपटशापुढे शरणागती ठरेल. परिस्थिती आवरत नाही ही सबब सरकारने सांगू नये. पुढे ज्या राज्यांनी धडधडीत आदेश काढले, त्यांचे ते दिल्लीत टिकले नाहीत. २०११ मध्ये ‘आरक्षण’वरची उत्तर प्रदेशची बंदी रद्द झाली. जानेवारी २०१८ मध्ये ‘पद्मावत’ अडवणाऱ्या राज्यांचे आदेश स्थगित झाले. तेव्हापासून बहुतेक सरकारं शहाणी झाली. ‘पद्मावत’चा रस्ता न्यायालयाने मोकळा करूनही राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशात मल्टिप्लेक्सच्या संघटनेनेच चित्रपट दाखवणार नाही म्हणून जाहीर केलं. २०२३ मध्ये तमिळनाडूत ‘द केरला स्टोरी’ मल्टिप्लेक्सनी उतरवला. सरकारचं म्हणणं, आम्ही कुठे बंदी घातली, प्रेक्षकच नव्हते. २०२५ मध्ये कर्नाटकात ‘ठग लाइफ’ लागू शकला नाही, तिथेही सरकारचा आदेश नव्हताच. चारी दिशांची, चार रंगांची सरकारं, पण उत्तर एकच. आदेश नसला की आव्हान कशाला देणार? थिएटरवाल्याच्या हस्ताक्षरातल्या कागदावर तर अपील होत नाही.

एकदा मात्र हे प्रकरण सरकारच्या अंगाशी आलं. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘भोबिष्योतेर भूत’ हा बंगाली चित्रपट लागला आणि दुसऱ्याच दिवशी थिएटरांमधून गायब झाला. आदेश कुठेच नाही. पण कोलकाता पोलिसांनी प्रदर्शनाआधी निर्मात्याला पाठवलेलं पत्र होतं. सर्वोच्च न्यायालयाने पश्चिम बंगाल सरकारला २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. संपादक महाशय, आपण ज्यांना कणाहीन म्हणता त्यांना नव्हे, न्यायालयाने सरकारला जबाबदार धरलं.

आपल्याकडे कोणत्या एका पक्षाकडे बोट दाखवावं अशीही सोय नाही. १९९८ मध्ये मुंबईत ‘फायर’च्या वेळी थिएटरची मोडतोड झाली ती एका झेंड्याखाली, २०२२ मध्ये ठाण्याच्या मॉलमध्ये ‘हर हर महादेव’चा खेळ बंद पडला तो दुसऱ्या. त्या वेळी एका प्रेक्षकाला मारहाणही झाली. पैसे देऊन, तिकीट काढून खुर्चीत बसलेला माणूस! अग्रलेखात प्रेक्षकाचा उल्लेख मला तरी सापडला नाही. लेखकाचं स्वातंत्र्य, दिग्दर्शकाचं स्वातंत्र्य, सगळं होतं.

म्हणून विनंती अशी, की आपल्या वार्ताहराला मालकांच्या प्रतिक्रिया घ्यायला पाठवू नका. ते तांत्रिक कारणच सांगणार, त्यांना उद्या पुन्हा थिएटर उघडायचं आहे. त्याला पोलीस ठाण्यात पाठवा. कोणत्या थिएटरने बंदोबस्त मागितला, किती मिळाला, नाकारला असेल तर कोणत्या दर्जाच्या अधिकाऱ्याने? धमकी देणाऱ्यांवर गुन्हा नोंदवला का? थिएटरांकडून काही लिहून घेतलं असेल तर त्याचा मजकूर काय? तोंडी सांगत नसतील तर माहिती अधिकाराचा कायदा २००५ पासून आहे. खेळ थांबवणं खरोखरच गरजेचं होतं, तर अधिकाऱ्याने आपल्या सहीने, कारण देऊन आदेश काढावा. मग न्यायालय बघेल ते कारण किती खरं आहे.

हे सारं शोधायला फार लांब जावं लागणार नाही. निवेदन देतानाचा फोटो गुरुवारच्या आपल्याच अंकात पान पाचवर होता. सगळे कॅमेऱ्याकडे बघत होते, चेहरे स्वच्छ आले आहेत, खाली नावंही आहेत डावीकडून. रविवारच्या बातमीत मात्र तेच लोक ‘अज्ञात कार्यकर्ते’ झाले. पोलिसांना तपासासाठी लागला तर अंक माझ्याकडे आहे, रद्दीत घातलेला नाही. त्याच अंकात पान सातवर त्यांच्या नेत्याच्या वाढदिवसाची अर्ध्या पानाची जाहिरात होती. ती असणारच, अंक चालवायचा तर जाहिराती लागतात, हे मला समजतं. थिएटर चालवायला काय लागतं, तेही आपण असंच समजून घ्यावं.

जाता जाता एक. शनिवारी रात्री मला मोबाइलवर मेसेज आला: ‘तांत्रिक कारणास्तव खेळ रद्द.’ मजकूर ओळखीचा होता, हसू आलं. तिकिटाचे पैसे परत आले, ‘सुविधा शुल्क’ आलं नाही. फोन केला तर पलीकडची मुलगी म्हणाली, ‘सर, ते रिफंडेबल नसतं.’ चित्रपट दाखवला नाही, मग सुविधा कसली झाली? खेळ रद्द झाल्याचं घरबसल्या कळलं, ही? आमच्याकडे मशिन खरोखर बिघडायचं तेव्हा बुकिंगच्या खिडकीवर पै न पै परत मिळायची, वर लोक शिव्या द्यायचे त्या वेगळ्या. अशा किती जणांचं शुल्क त्या कंपनीने ठेवून घेतलं असेल, याची चौकशी आपल्या ग्राहक सदरात कोणीतरी करावी. तिथे नावं छापायला तरी हरकत नसावी.

आपला,
एक निवृत्त थिएटर मॅनेजर