एका खुर्चीवरच्या दोघींकडून

आदरणीय मॅडम,

तुमची बदली झाल्याचं कळलं आणि आता गप्प राहणं बरं दिसेना. पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत, कारण एक पद दोघींनी मिळून सांभाळायचं म्हटलं की अजूनही बऱ्याच ऑफिसांत आधी हसतात आणि मग 'बघू' म्हणतात.

'बघू' म्हणणारे तुमच्याआधी बरेच होते. एका साहेबांनी तर प्रयोगही करून दाखवला: काम पाच दिवसांचं, माणूस तीन दिवसांचा, पगार अर्थातच तीन दिवसांचा. जोडीदार दिलाच नाही. सगळं कोलमडल्यावर 'तरी मी सांगत होतो' म्हणायला मात्र हजर. दुसऱ्या ठिकाणी जोडीदार होता, पण विभागाची बैठक दर शुक्रवारी. सोमवार ते बुधवार येणाऱ्याने एक तर आपल्या सुट्टीच्या दिवशी फुकट हजेरी लावायची, नाही तर काय ठरलं ते पुढच्या सोमवारी कुणाकडून तरी ऐकायचं.

तुम्ही आधी हिशेब मांडलात. आठवडा ४० तासांचा, दोघींना प्रत्येकी २२. एकीचे सोमवार-मंगळवार पूर्ण आणि बुधवारी ९ ते ३. दुसरीचे बुधवारी ११ ते ५, मग गुरुवार-शुक्रवार पूर्ण. बुधवारचे ११ ते ३ हे चार तास दोघी समोरासमोर, आणि विभागाची बैठकही त्यातच. प्रत्येकीला ५५ टक्के पगार, म्हणजे पगाराचा खर्च १० टक्क्यांनी वाढला. तुम्ही तो लपवला नाहीत. एकीची रजा पडली तरी टेबल रिकामं राहत नाही आणि एकीने नोकरी सोडली तरी कामाची खडानखडा माहिती दुसरीजवळ उरते, हे त्या १० टक्क्यांच्या शेजारीच लिहून दिलंत. नवा माणूस शोधून त्याला कामात मुरवेपर्यंतचे महिने ज्याने काढलेत, त्याला हा आकडा महाग वाटत नाही.

एचआरच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन माणसं म्हणजे दोन जागा अशी नोंद होत होती. ती खर्चाइतकीच, म्हणजे १.१ जागा, करून घेईपर्यंत तुम्ही भांडलात. बहुतेक ठिकाणी योजना इथेच मरते, कारण एका कामासाठी दोन जागा खर्ची घालायला कोणता विभागप्रमुख तयार होईल? सुट्ट्यांचंही तसंच. सार्वजनिक सुट्टी सोमवारी आली की ती एकीच्याच पदरात पडते. तुम्ही सुट्ट्या दिवसांऐवजी तासांत मोजल्यात: वर्षाला १० सुट्ट्या म्हणजे पूर्णवेळ माणसाचे ८० तास, म्हणून प्रत्येकीला ४४. जोड्यांमध्ये कुरबुरी सुरू होतात त्या असल्याच गोष्टींवरून.

पण हे सगळं नियमांत लिहून ठेवता येतं. मनात राहिली ती गोष्ट फार छोटी आहे. एका गुरुवारी तुम्हाला काहीतरी विचारायचं होतं आणि त्याचं उत्तर सोमवारवालीकडे होतं. तुम्ही फोन उचललात, परत ठेवलात आणि हँडओव्हरच्या शीटमध्ये, म्हणजे एकीने दुसरीसाठी कामाची नोंद ठेवायच्या तक्त्यात, प्रश्न लिहिलात. पुढे एवढंच: 'सोमवारी चालेल.'

त्या न केलेल्या फोनचे आभार कसे मानायचे? सुट्टीच्या दिवशी पहिला फोन करताना संकोच वाटतो, दुसऱ्यांदा वाटत नाही. मग जी चटकन फोन उचलते ती 'खरी' ठरते, दुसरी तिची मदतनीस. टेबलावर बसलेलीही निर्णय घेणं सोडते, कारण वरून कधीही दुसरीला विचारणा होणार. तुम्ही ते दार उघडलंच नाहीत. त्यामुळे शीट नीट भरणं भाग पडलं. रोज शेवटची १५ मिनिटं: काय संपलं, काय कुणामुळे अडलंय, कुणाला कधीपर्यंतचा शब्द दिलाय, आणि उद्या सकाळी आधी काय बघायचं. घोळ होतो तो तिसऱ्या मुद्द्यावर. तोंडी दिलेला शब्द लिहायचा राहतो आणि समोरचा माणूस दुसरीला म्हणतो, 'पण त्या तर हो म्हणाल्या होत्या.'

मेलबॉक्स एक, लॉगिन वेगवेगळी, हाही तुमचाच आग्रह. पासवर्ड वाटून घेतला की कुठली नोंद कुणी केली हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

वेळेची मोकळीक म्हणजे आजकालचं खूळ, असं कुणी तुम्हाला तिथेही ऐकवेल. १९६७ साली म्युनिकजवळच्या ओटोब्रुनमध्ये विमानं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीने येण्या-जाण्याच्या वेळा सैल केल्या, त्यामागे रस्त्यावरची कोंडी हे साधं कारण होतं. नेदरलँड्समध्ये कामाचे तास कमी-जास्त करून मागण्याचा हक्क २००० सालापासून कायद्यात आहे. पण कायदा असो वा नसो, दुसऱ्याचा मोकळा वेळ त्याचाच आहे असं धरून चालणारी माणसं थोडी. बहुतेकांना वाटतं, सवलत दिली म्हणजे वर थोडं वसूलही करावं. तुम्ही सवलत हा शब्दच कधी वापरला नाहीत.

शेजारच्या विभागाने आमची शीट मागितली आहे. पाठवतो आहोत, सुट्ट्यांच्या तासांच्या रकान्यासकट. एकीने नोकरी सोडली तर राहिलेलीला पूर्णवेळ पदाची पहिली संधी आणि नवा जोडीदार शोधायला ठरावीक मुदत, ही तुमची अट आधीच लेखी घ्या, असंही त्यांना कळवलंय.

तुमच्या,
एका पदावरच्या दोघी