मिनी ट्रॅक्टर घेताय? बोनेटवरचा एचपी बघू नका, तपासणी अहवाल मागा

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमच्या शेती पानावर दर दोन दिवसाआड ट्रॅक्टरची जाहिरात असते आणि दिवाळीच्या आसपास तर पूर्ण पानच त्याचं असतं. त्यात हप्ता किती, स्कीम काय, सोबत काय फुकट हे सगळं असतं, पण बागेत चालवायचा छोटा ट्रॅक्टर घेणाऱ्याला जे पाहिजे ते एका ओळीत पण नसतं, म्हणून हे पत्र.

आमच्या निफाड, दिंडोरी भागात आता चोवीस-सत्तावीस एचपीचा फोर व्हील (चारही चाकांना इंजिनची ताकद जाणारा) ट्रॅक्टर म्हणजे चैन राहिली नाहीये, द्राक्षबाग आहे म्हटलं की तो लागतोच. पण घ्यायची वेळ आली की पारावर चर्चा कशावर होते, तर रंगावर! लाल घ्या, नारंगी घ्या, हिरवा घ्या, अगदी निवडणुकीसारखी भांडणं. महिंद्राचा जिवो 245 म्हणजे दोन सिलिंडर, कुबोटाचा निओस्टार बी 2441 तीन सिलिंडर, दोन्ही 24 एचपी, दोन्हीची लिफ्ट, म्हणजे मागे टांगलेलं अवजार उचलायची ताकद, कागदावर 750 किलो. जॉन डिअरचा 3028 ईएन 28 एचपी. व्हीएसटीचा एमटी 180 डी त्याहून लहान, साडेअठरा एचपीचा. 15 ऑगस्ट 2023 ला केपटाऊनमध्ये गाजावाजा करून आणलेली महिंद्राची ओजा मालिका वेगळीच, आणि सोनालिका, कॅप्टन, न्यू हॉलंड हे पण आहेतच. म्हणजे पर्याय भरपूर आहेत, फक्त एकमेकांशेजारी ठेवून बघायला मिळत नाहीत.

आता बोनेटवर जो एचपी लिहिलेला असतो तो इंजिनचा. आपला ब्लोअर, म्हणजे पंख्याने औषध फवारायचं यंत्र, काय थेट इंजिनवर चालत नाही, तो पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरवायला असतो त्या दांड्यावर चालतो, आणि इंजिनला 24 लिहिलेल्या दोन ट्रॅक्टरांच्या पीटीओवर मिळणाऱ्या ताकदीत तीन-चार एचपीचा फरक असू शकतो. तेवढ्या फरकात ब्लोअरचा पंखा पानाच्या मागच्या बाजूपर्यंत औषध नेतो की नाही हे ठरतं. लिफ्टचं पण तसंच. 750 किलो म्हणजे अवजार जोडायच्या मागच्या दांड्यांच्या (लिंकच्या) टोकाला, पण ब्लोअरच्या औषधाच्या टाकीचं वजन त्याच्याही मागे जातं, आणि जितकं मागे जाईल तितकी उचल कमी. 600 लिटरच्या टाकीत नुसतं पाणीच 600 किलो, वर टाकी, पंप, पंखा वेगळा, म्हणून तर मोठा ब्लोअर चाकांवर ओढायचा घेतात आणि लहान तेवढा लिफ्टवर टांगतात. हे दुकानात कोणी सांगत नाही हो, विचारलं की म्हणतात "काका, आरामात उचलतो".

आणि डेमो कुठे देतात, तर शोरूमसमोरच्या डांबरीवर, मागे काही न लावता. डांबरीवर कोणताही ट्रॅक्टर पळतो. गोडी छाटणीनंतर (द्राक्षाची फळासाठीची छाटणी) पाऊस पडला की डाऊनी या बुरशीच्या रोगाच्या भीतीने आपण वाफसा व्हायची, म्हणजे माती कामाजोगी सुकायची, वाट न बघता फवारणीला निघतो, काळी माती चाकाला चिकटून चाक गोल गोळा झालेलं असतं, टाकी भरलेली, आणि ओळ संपली की बांधाजवळच्या आठ-दहा फुटात वळायचं असतं. तिथे पुढचं चाक हलकं पडतं का, स्टिअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच सरकतो का, वळताना मडगार्ड किंवा ब्लोअरचा कोपरा ओळीच्या टोकाच्या लोखंडी अँगलला घासतो का, एकदम क्लच दाबला तर पीटीओ पण थांबतो की ब्लोअर चालूच राहतो, हे बघायचं असतं. सायलेन्सर वर आहे की खाली हे मांडवाखाली बाग असणाऱ्याला विचारा, वरच्या सायलेन्सरने कोवळे शेंडे करपतात. रेडिएटरची जाळी हाताने काढून पानं झटकता येते का की पाना शोधावा लागतो, ही बारीक गोष्ट वाटते पण ऐन फवारणीत गाडी गरम झाली की कळते.

बरं, ही सगळी नाही पण बरीचशी मोजमापं सरकारने केलेली आहेत. मध्य प्रदेशात बुदनीला केंद्र सरकारची ट्रॅक्टर तपासणी संस्था आहे, तिथे पीटीओची ताकद, ओढ, डिझेल, लिफ्ट, वळायला लागणारी जागा, ब्रेक, आवाज, सीटवर बसणारे हादरे असं सगळं मोजून अहवाल निघतो. गंमत बघा, महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर अनुदानाची फाईल करताना कोटेशनबरोबर हाच तपासणी अहवाल जोडावा लागतो. म्हणजे तो डिलरकडे असतो, ऑनलाइन सेंटरवाल्याकडे जातो, कृषी खात्याकडे जातो, फक्त ज्याचे पाच-सहा लाख जाणार तो शेतकरी तेवढा वाचत नाही. वाचणार कसा, सगळा इंग्रजीत, पानंच्या पानं आकडे.

अनुदानाचं निघालंच आहे तर, कृषी खात्याची पूर्वसंमती हातात यायच्या आधी बिल फाडू नका, डिलर कितीही घाई करो. आणि 22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झालाय, म्हणजे कर धरायच्या आधी पाच लाखाची गाडी असेल तर 35 हजार कमी झाले पाहिजेत. कोटेशनमध्ये मूळ किंमत आणि कर वेगवेगळा लिहून घ्या, नाहीतर "ऑल इन्क्लुडिंग" म्हणून ते कुठे मुरतात कळत नाही.

सर्व्हिसबद्दल फक्त एवढंच की कंपनी मोठी असून भागत नाही, मेकॅनिक किती लांबून येतो ते महत्त्वाचं. आमच्याकडच्या एका डिलरने (नाव नको) छाटणीच्या हंगामात एका साध्या ऑइल सीलसाठी "उद्या येतंय" करत आठवडा काढला. धंदे पण बदलतात, आपल्या पुण्याच्या फोर्स मोटर्सने 2024 मध्ये ट्रॅक्टर बंदच केले, कुबोटाने एस्कॉर्ट्स ताब्यात घेतली. तेव्हा पार्ट कुठल्या गोडाऊनमधून येतात हे आधीच विचारून ठेवलेलं बरं.

माझं मत विचाराल तर बागेसाठी एचपी थोडा कमी चालेल पण फोर व्हील आणि गाडीच्या क्लचपासून वेगळा चालू-बंद होणारा पीटीओ पाहिजेच, सिलिंडर दोन का तीन यावर मी भांडणार नाही. दुसऱ्याचं मत वेगळं असेल, ज्याच्या ओळी दहा फुटी आणि जमीन मुरमाड त्याने टू व्हीलवर पैसे वाचवले तर काही चुकीचं नाही.

तर विनंती अशी, की छाटणी हंगामाच्या आधी तुमच्या शेती पानावर या अहवालांमधले आकडे मराठीत काढून एक तक्ता छापा. वीस ते तीस एचपीतले आठ-दहा मॉडेल, पीटीओची ताकद, लिफ्ट, रुंदी, वळण, ताशी डिझेल, बास. जाहिरातदार नाराज होतील ही अडचण कळते, पण आकडे सरकारी आहेत, तुमचे नाहीत. आणि कृषी खात्याने किंवा कृषी विज्ञान केंद्राने एकाच बागेत, एकाच ब्लोअरला चार कंपन्यांचे ट्रॅक्टर लावून भरल्या टाकीने शिवारफेरी ठेवावी, पाऊस पडून गेल्यावर, उन्हाळ्यात नको. बाग मी द्यायला तयार आहे, चहा पण माझ्याकडून.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक