रास-नाडीशेजारी व्हिसाचाही रकाना हवा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

मिरजेच्या भाचीसाठी स्थळं बघायची म्हणून गेले चार रविवार आपल्या अंकातलं वधू-वर पान इथे एडिसनमध्ये बसून वाचते आहे. 'मुलगा अमेरिकेत, उच्चशिक्षित वधू हवी.' रास, नाडी, उंची, पगार सगळं छापलेलं. मुलगी तिथे कोणत्या व्हिसावर जाणार, हे मात्र एकाही जाहिरातीत नाही. आमच्याही घरात कुणी विचारलं नव्हतं.

२००८ साली लग्न होऊन मी न्यू जर्सीत आले, एच-४ वर. म्हणजे एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्याची बायको. त्याआधी पाच वर्षं सांगलीत पॉलिटेक्निकला स्ट्रक्चर्स शिकवत होते. एसटी स्टँडवरसुद्धा कुणीतरी 'नमस्कार मॅडम' म्हणायचं. इथे कामाची परवानगी नाही म्हणून सोशल सिक्युरिटी नंबर नाही, तो नाही म्हणून मोबाइलही नवऱ्याच्या नावावर. माझ्या एकटीच्या नावाची पहिली वस्तू म्हणजे वाचनालयाचं कार्ड. नवरा भला माणूस, 'आराम कर की जरा' म्हणायचा. त्यामुळे तक्रार करायलाही तोंड नव्हतं. दुपारी किराण्याच्या कूपनांच्या कोऱ्या कडेला मी बीमचे शिअर फोर्स डायग्राम, म्हणजे तुळईवर कुठे किती जोर येतो त्याच्या आकृत्या, काढत बसे. भार मीच ठरवायचा, उत्तर मीच तपासायचं, आणि संध्याकाळी तेच कूपन कापून दुधावर पन्नास सेंट वाचवायचे.

रविवारच्या मराठी शाळेत शिकवायला लागले. बिनपगारी, त्यामुळे व्हिसाला चालायचं. तिथे एका पोराने वही पुढे केली, 'बाई, माझा ळ उलटा आला का?' आला होता. पण 'बाई' ऐकून मला क्षणभर काही सुचेना.

२६ मे २०१५ पासून काही एच-४ बायकांना नोकरीची मुभा मिळाली. काहींनाच: नवऱ्याचा ग्रीन कार्डसाठीचा आय-१४० अर्ज मंजूर असेल, किंवा त्याला एच-१बीवर सहा वर्षांपुढची मुदतवाढ मिळाली असेल तर. मी त्यात बसले. एका छोट्या ऑफिसात ड्राफ्टिंगला लागले. माझा एक विद्यार्थी तोवर पुण्यात प्रोजेक्ट मॅनेजर झाला होता. असो. ग्रीन कार्डची रांग संपलेली नाही, त्यामुळे कामाच्या परवान्याचं नूतनीकरण सुटत नाही. ३० ऑक्टोबर २०२५ पासून भरलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना आपोआप मिळणारी मुदतवाढही बंद झाली. परवान्याचं नवं कार्ड वेळेत आलं नाही, तर काम सोडून घरी.

म्हणून विनंती, आपल्या जाहिरातीच्या नमुन्यात रास-नाडीशेजारी 'व्हिसा, आय-१४०' असा एक रकाना घालावा.

परवा भाचीने व्हिडिओ कॉलवर मुलाला हेच विचारलं. तो उत्तर देणार तेवढ्यात मागून त्याची आई म्हणाली, 'मुलीला बरीच माहिती दिसते.' तेव्हापासून निरोप नाही.

आपली,
एक वाचक
एडिसन, न्यू जर्सी (मूळ सांगली)