शेवटची सुरावट तरी ऐकू द्या

संपादक महोदय,

चित्रपट संपतो, पडदा काळा होतो, शेवटची सुरावट सुरू होते आणि नेमकं तेव्हाच ओटीटीवरचं चित्र आक्रसून कोपऱ्यात जातं. पुढे काय बघायचं याची उलटी मोजणी सुरू! डोळे पुसायलाही उसंत नाही. पुस्तकाचं बरं असतं. शेवटचं पान वाचून ते छातीवर पालथं ठेवलं, तर कुणी हातात दुसरं कोंबत नाही.

नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये 'स्किप इंट्रो'चं, म्हणजे सुरुवातीची नामावली वगळण्याचं, बटण आणलं. ते मीही दाबतो, खोटं कशाला बोलू? पण शेवटाचं संगीत वेगळं. तिथे संगीतकार आपल्याला गोष्टीतून हळूहळू बाहेर आणत असतो.

दुसरी तक्रार मालिकांबद्दल. दार उघडलं तरी ढोल, चहा सांडला तरी ढोल. दिग्दर्शक हिचकॉकच्या 'सायको'त (१९६०) न्हाणीघरातल्या खुनाला संगीतकार बर्नार्ड हरमनने फक्त तंतुवाद्यं वापरली. खुद्द हिचकॉकला तिथे आधी संगीतच नको होतं. ऐकल्यावर त्याने मत बदललं. पुढे 'द बर्ड्स'मध्ये (१९६३) तर रूढ पार्श्वसंगीतच नाही, नुसते पक्ष्यांचे आवाज, आणि तरीही घशाला कोरड पडते. आमच्या मालिकावाल्यांनी आठवड्यातून एक प्रसंग तरी बिनसंगीताचा दाखवावा. नट बरा असेल तर निभावून नेईल.

आणि ती उलटी मोजणी निदान मूळ सेटिंगमध्ये तरी बंद ठेवा. ज्याला घाई आहे तो बटण शोधेलच.

– एक प्रेक्षक