शिक्षणमंत्री साहेब, स्पीकर नको, पेटीचा तास द्या

मा. शालेय शिक्षणमंत्री साहेब,
नमस्कार.

मी दर्यापूर तालुक्यातला कास्तकार. वावर आठ एकर, खारपाणपट्ट्यातलं, म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. संध्याकाळी गावच्या भजन मंडळात पेटी वाजवतो. पोरगी झेडपीच्या शाळेत चौथीत आहे म्हणून हे पत्र.

झालं असं की दोन वर्षांआधी बाहेरचे काही लोक आमच्या शाळेला मोठा स्पीकर देऊन गेले, फोटो काढले, शाल-श्रीफळ झालं, आणि सांगितलं की रोज परिपाठाच्या आधी दहा मिनिटं सतार लावत जा, पोट्ट्यांचा मेंदू तल्लख होते. पोट्टे बसले डोळे मिटून, अर्धे तर झोपूनच गेले, आणि पाण्यापावसात लाईन गेली की तेही बंद. आता तो स्पीकर ग्रामपंचायतीत आहे, नळ कधी येणार ते सांगतो. चालतो चांगला तसा.

हे खूळ आलं कुठून म्हणून मी मोबाईलवर शोधत बसलो तर मुळाशी १९९३ चा अमेरिकेतला एक प्रयोग निघाला, त्यात ३६ कॉलेजच्या पोरांना दहा मिनिटं मोझार्ट (तिकडचा जुना संगीतकार) ऐकवला आणि कागदाच्या घड्या डोक्यात उलगडायच्या कोड्यांत ते जरा पुढं गेले, पण तो असर दहा-पंधरा मिनिटांत उतरला. लहान मुलं त्यात नव्हतीच! तरी १९९८ मध्ये तिकडच्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरनं, झेल मिलर नाव त्यांचं, नवीन जन्मलेल्या प्रत्येक बाळाला गाण्याची कॅसेट द्यायला १ लाख ५ हजार डॉलर मागितले. म्हणजे स्पीकर वाटायची हौस फक्त आपल्याकडंच आहे असं नाही, बरं का साहेब.

जनावरांचं म्हणाल तर इंग्लंडात लेस्टर युनिव्हर्सिटीवाल्यांनी २००१ मध्ये हजारेक गाईंना संथ गाणी ऐकवली, तर दूध ३ टक्के वाढलं, धांगडधिंगा गाण्यांनी नाही वाढलं. खरं असंल, गाय निवांत असली की पान्हा सोडतेच, माझी आजी गुणगुणल्याशिवाय म्हशीखाली बसतच नव्हती. पण आमची गावरान गाय देते दोन लिटर, त्याचे ३ टक्के म्हणजे ६० मिली, एका कपाचा चहा. झाडाचं तर अजून वेगळं, अमेरिकेतल्या मिसुरीत २०१४ मध्ये एका मोहरीच्या जातीच्या रोपट्याला अळी पान कुरतडते तेव्हाची थरथर ऐकवली तर पुढं खरी अळी लागल्यावर त्यानं अळीला नको असलेलं तिखट तेल जास्त केलं, वाऱ्याच्या थरथरीला काहीच केलं नाही. म्हणजे झाडाला अळी कळते. आमच्या इकडं एक जण सोयाबीनला ऐकवायचं संगीत म्हणून पेनड्राईव्ह विकून गेला, त्याला मात्र माणसं चांगली कळत होती.

आता खरं सांगतो. एक पोट्टा आहे गावात, नाव नाही सांगत. जोडाक्षर आलं की अडकायचा, ‘स्वच्छता’ला ‘सवचछता’ वाचायचा आणि वर्ग हसायचा. तो संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला यायचा, खंजेरीकडं टक लावून बसायचा, एक दिवस आम्ही दिली हातात. आमचा भाग राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचा, खंजेरी घरोघरी सापडते. महिना-दीड महिना त्याचा केरवा, म्हणजे आठ मात्रांचा ठेका, धावायचाच, आठवी मात्रा खाऊन टाकायचा. मग बसला हात. सरांनी ते पाहून वर्गात बेंचवर तोच ठेका धरून पाढे घेतले, आणि आता तो वाचताना अंगठ्यानं मांडीवर ठोकतो, स्व-च्छ-ता, तीन ठोके. सगळं खंजेरीनंच झालं असं मी म्हणत नाही, सर त्याला रोज अर्धा तास जास्त बसवत होते. पण बसायला तो तयार झाला तो काहून झाला?

शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीच्या नीना क्राऊस बाईंनी लॉस एंजेलिसच्या गरीब वस्तीतली वाजवायला शिकणारी पोरं तपासली (२०१४ ची गोष्ट). एका वर्षात काही दिसलं नाही, दोन वर्षांनी मेंदू बोलण्यातले आवाज जास्त स्पष्ट वेगळे करायला लागला. दोन वर्षं, साहेब. एक दिवसाच्या कार्यशाळेनं आणि सकाळच्या सतारीनं ते कसं होईल?

आणि इथं येऊन गाडी अडते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात कलेसाठी अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, आहे, पण सहावी ते आठवीत १०० च्या वर पटसंख्या असली तरच. आमची अख्खी शाळा सातवीपर्यंत ४३ पोरांची. म्हणजे गाव लहान तर सूरही लहान का?

आम्ही पैसे नाही मागत. पेटी मंडळाची आहे, भाता मागच्याच दिवाळीला बदलला. खंजेऱ्या चार, ढोलकी एक, शिकवणारे आम्ही तिघं फुकट यायला तयार आहोत. फक्त वेळापत्रकात आठवड्याला दोन तास पक्के लिहून द्या आणि बाहेरच्या माणसाला वर्गात बसू द्यायचा कागद काढा, नाहीतर सर म्हणतात उद्या तपासणी आली तर मी काय दाखवू, आणि त्यांचंही बरोबर आहे.

तुमचा,
भजन मंडळाचा पेटीवाला
ता. दर्यापूर, जि. अमरावती

ता.क. फोन करायचा असला तर संध्याकाळी सहानंतर करा, वावरात रेंज नसते.