व्याख्यानमालेत पेशीलाही जागा हवी

महोदय,

कर्करोगावरील आपल्या पुरवणीत औषधांची नावे भरपूर होती, पण अझीझ सँकार यांचे नाव कुठेच नव्हते. तुर्कस्तानातील सावूर या लहानशा गावचा हा डॉक्टर अमेरिकेत पीएच.डी. झाला, पण संशोधकाची जागा मिळेना म्हणून येल विद्यापीठात तंत्रज्ञ म्हणून राबला. त्याच कामातून १९८३ साली, अतिनील किरणांनी बिघडलेला डीएनएचा भाग जिवाणूतील विकरे (एन्झाइम) दोन्हीकडून कापून कसा काढतात, हे त्यांनी दाखवले. २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये लिंडाल आणि मॉड्रिच या शास्त्रज्ञांसोबत त्यांचाही वाटा होता.

रुग्णाशी याचा संबंध थेट आहे. सिस्प्लॅटिन हे औषध कर्करोगाच्या गाठीतील पेशींचा डीएनए बिघडवते; आपल्या पेशींतली अशीच दुरुस्तीयंत्रणा तो बिघाड काढू लागते. म्हणजे एरवी आपल्याला जपणारी यंत्रणा गाठीलाही जपते! उलट ओलापॅरिब हे औषध दुरुस्तीची एक वाटच अडवते. दुरुस्तीची दुसरी वाट सांभाळणाऱ्या बीआरसीए जनुकात दोष असलेल्या गाठीला मग तीही वाट उरत नाही.

इंदूरच्या मराठी व्याख्यानमालांत संतसाहित्य, इतिहास, नाट्यसंगीत असते आणि ते असावेच. पण एखादी संध्याकाळ या विषयाला द्यायला आयोजकांची हरकत नसावी. वक्ता मात्र मराठीत बोलणारा हवा.

— एक निवृत्त शिक्षक, इंदूर