गोदीतला ‘बाप’ आणि दहातला एक

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत काझुओ ताओका या जपानी टोळीप्रमुखावरचा पानभर लेख वाचला. (आपण ‘टाओका’ छापलं आहे, त्याबद्दल शेवटी.) लेखात गोंदणं आली, छाटलेल्या करंगळ्या आल्या, क्योतोच्या नाइट क्लबमधला गोळीबार तर चौकटीत आला. एक गोष्ट तेवढी राहिली: या माणसाला पैसा मिळत कुठून होता? मी पस्तीस वर्षं मुंबईच्या गोदीत टॅली क्लार्क होतो. बोटीतून उतरणारे नग मोजायचे, बोटीवरच्या माणसाच्या आकड्याशी ताडायचे आणि फरक पडला की भांडायचं, एवढंच आमचं काम. त्यामुळे कोणाचंही चरित्र वाचताना आधी हिशेब बघायची खोड जडली आहे.

ताओकाचा जन्म १९१३ सालचा, शिकोकु बेटावरच्या तोकुशिमा प्रांतातला. लहानपणीच पोरका झाला आणि कोबे या बंदराच्या शहरात नातेवाइकाकडे आला. कावासाकीच्या जहाज कारखान्यात लागला, तिथे मुकादमाशी वाजलं आणि नोकरी सुटली. मग तो जिच्या आश्रयाला गेला ती यामागुची-गुमी. ही टोळी चोरदरोडेखोरांनी काढलेली नव्हती, हे लेखात यायला हवं होतं. १९१५ साली ती काढणारे हारुकिची यामागुची आवाजी बेटावरचे कोळी. मासेमारी सोडून कोबेच्या धक्क्यावर हमाली करायला आले आणि पन्नासेक गोदी कामगारांची टोळी बांधली. आपल्याकडे गोदीत ‘टोळी’ हा शब्द ज्या अर्थाने वापरत, अगदी त्याच अर्थाने: बोटीच्या एका हॅचवर, म्हणजे माल काढायच्या तोंडावर, एकत्र काम करणारी माणसं. तिचं दुसऱ्या अर्थाच्या टोळीत रूपांतर कसं झालं, ती खरी गोष्ट आहे.

ताओकाचं टोपणनाव ‘कुमा’, म्हणजे अस्वल, कारण मारामारीत तो समोरच्याच्या डोळ्यांत बोटं घालायचा. १९३७ साली खून केला, आठ वर्षांची शिक्षा झाली, १९४३ ला सुटला. १९४६ साली टोळीचा तिसरा प्रमुख झाला तेव्हा हाताखाली तीस-पस्तीस माणसं होती. तीस-पस्तीस माणसांचा म्होरक्या वीस वर्षांत जपानमधली सगळ्यात मोठी टोळी कशी उभी करतो? लेखकाने उत्तर दिलं आहे ‘धाडस आणि करिष्मा’. मला ते पटत नाही.

गोदीचं काम भरती-ओहोटीसारखं असतं. आज पाच बोटी, उद्या एकही नाही. कायमचे कामगार ठेवले तर रिकाम्या दिवसाची मजुरी अंगावर पडते, म्हणून कंपन्या रोजंदारीवर माणसं घेत. पण बोट लागली की माणसं तासाभरात हवीत, कारण अडलेल्या बोटीचा प्रत्येक दिवस मालकाला महाग पडतो. ही माणसं पहाटे गोळा करून आणणारा मध्यस्थ जपानीत ‘तेहाइशी’. रोजगाराची वाट बघत उभ्या मजुराला ‘आंको’ म्हणत. हा एक मासा आहे, समुद्राच्या तळाशी तोंड उघडं ठेवून भक्ष्याची वाट बघत पडून राहणारा. आणि मजुरीतून मध्यस्थ जो वाटा कापून घेई त्याचं नाव ‘पिन्हाने’. ‘पिन’ म्हणजे एक, हा शब्द म्हणे पोर्तुगीजांकडून आलेला. मूळ अर्थ, दहातला एक काढून घेणं. दहातला एकच राहत असे यावर माझा विश्वास नाही.

हे सगळं मी वाचून शिकलो, पण समजायला वेळ लागला नाही. आमचे वडील स्वातंत्र्याच्या आधी कोकणातून आले आणि गोदीत लागले ते एका टोळीवाल्यामार्फत. पहाटे चार वाजता गेटवर उभं राहायचं. टोळीवाला कंदील वर धरून एकेकाचं तोंड बघायचा आणि खांद्यावर थाप मारायचा. थाप पडली तर काम, नाही तर घरी. पगार कंपनी टोळीवाल्याला द्यायची आणि तो कापून माणसांना. माझ्या आत्याच्या लग्नाला पैसे त्यानेच दिले होते. वडील मरेपर्यंत सांगायचे, ‘माणूस दिलदार होता.’ व्याज किती लावलं होतं ते मात्र आईलाच पाठ होतं.

ताओका म्हणजे हाच टोळीवाला, फक्त हजारपटींनी मोठा. १९५० साली कोरियाचं युद्ध पेटलं आणि कोबे बंदर अमेरिकी मालाने भरून गेलं. माणसं कमी, बोटी जास्त. ताओकाने कोयो उन्यु नावाची माल चढवण्या-उतरवण्याची स्वतःची कंपनी काढली, छोटे कंत्राटदार एकेक करून छत्राखाली घेतले. मजूर कुठल्या बोटीवर जाणार आणि कुठल्या नाही हे ज्याच्या हातात, त्याच्यापुढे बोटकंपनीही नमते आणि मजूरही. यात तलवार रोज उपसावी लागत नाही. ती आहे एवढं माहीत असलं की पुरतं. जखमी मजुराची भरपाई मी मिळवून देतो, असं ताओका अभिमानाने सांगायचा. देतही असेल. आमच्या टोळीवाल्यानेही दिली असती.

जपानी टोळीत प्रमुखाला ‘ओयाबुन’ म्हणतात, बापाच्या जागी असलेला, आणि हाताखालचा ‘कोबुन’, पोराच्या जागी. साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या, एकाच पेल्यातून घोट घेऊन हे नातं पक्कं होतं. आपल्या मराठीने गुंडाला ‘दादा’ केलं, त्यांनी बाप केला. खिसा कापणारा घरातलाच निघाला की बोभाटा करता येत नाही, हे दोन्हीकडच्या लोकांना कळलं होतं.

ताओकाने करमणुकीच्या धंद्यात हेच केलं. १९५७ साली त्याने कोबे गेइनोशा ही कंपनी उभी केली. गायक गावोगाव दौऱ्यावर निघाला की प्रत्येक गावात सभागृह, तिकीटविक्री आणि ‘बंदोबस्त’ कोणा ना कोणा स्थानिक टोळीच्या हातात असायचा. त्या सगळ्यांशी एकदाच बोलून देणारा एक माणूस मिळाला तर गायकालाही तो हवाच असतो. युद्धोत्तर जपानची सगळ्यात लाडकी गायिका हिबारी मिसोरा पोरवयापासून त्याच्या छत्राखाली होती. कुस्तीगीर रिकिदोझानच्या व्यावसायिक कुस्ती संघटनेतही ताओका उपाध्यक्ष. रिकिदोझानला १९६३ साली तोक्योतल्या एका नाइट क्लबमध्ये दुसऱ्या टोळीच्या माणसाने भोसकलं आणि तो आठवडाभरात गेला. हिबारीने मोजलेली किंमत वेगळी होती. तिच्या भावाचे टोळीशी संबंध होते, म्हणून १९७३ च्या सुमारास गावोगावच्या सभागृहांनी तिला दारं बंद केली आणि एनएचके या जपानच्या सार्वजनिक प्रसारण संस्थेने वर्षअखेरच्या गाण्यांच्या कार्यक्रमातून तिला वगळलं. त्याच १९७३ साली ताओकाच्या आयुष्यावर, तो जिवंत असताना, चित्रपट निघाला. गायिकेला दार बंद आणि टोळीप्रमुख पडद्यावर नायक! लेखात मला सगळ्यात जास्त खटकलं ते हेच, की तो चित्रपटाचा सूर आपल्या पुरवणीतही उतरला.

१९६३ साली जपानमध्ये टोळ्यांची माणसं एक लाख चौऱ्याऐंशी हजार होती. पोलिसांच्या नोंदीतला हा सगळ्यात मोठा आकडा. तोक्यो ऑलिम्पिकच्या १९६४ सालापासून पोलिसांनी मोहीम उघडली, अनेक टोळ्यांनी विसर्जनाच्या घोषणा केल्या. १९६५ साली ताओकाला हृदयविकाराचा झटका आला, तरी त्याने टोळी विसर्जित करायला नकार दिला. लेखात इथे ‘झुकला नाही’ असं मोठ्या टायपात आहे. त्याच वर्षी झालेली दुसरी गोष्ट छोट्या टायपातही नाही: १९६५ चा बंदर कामगार कायदा. मोठ्या बंदरांत रोजंदारी मजुरांची सरकारी कचेरीत नोंदणी आणि कामाचं वाटप तिथून, असा तो कायदा. म्हणजे कंदील टोळीवाल्याच्या हातातून काढून घेण्याचा प्रयत्न.

आपल्याकडे हे आधी झालं, हे सांगताना मला थोडा अभिमान वाटतो. गोदी कामगारांसाठी १९४८ चा केंद्राचा कायदा, त्यातून आलेलं बोर्ड, आणि मग बाजारांतल्या हमालांसाठी महाराष्ट्राचा १९६९ चा माथाडी कायदा. बोर्ड आल्यावर वडिलांना नंबर मिळाला, बिल्ला मिळाला, आणि काम नसलेल्या दिवशीही हजेरीचे पैसे मिळू लागले. तो टोळीवाला नंतर दिसला तो आमच्याच चाळीच्या कोपऱ्यावर, पानाच्या गादीवर बसलेला. वडील रोज त्याच्याकडून तंबाखू घ्यायचे. आपल्या बोर्डातही पुढे काय काय शिरलं ते मी पस्तीस वर्षं पाहिलं आहे, त्यामुळे फार ताठ मानेने बोलत नाही.

आणि खरं सांगायचं तर कोबेत कायद्यापेक्षा जास्त काम कंटेनरने केलं. १९६७ साली माया धक्क्यावर कंटेनर उतरायला लागले. शंभर माणसांचं काम एक क्रेन आणि मूठभर माणसं करू लागली. उभं राहायला आंकोच उरले नाहीत, तर पिन्हाने कशाचं करणार? अर्थात तोवर टोळीचा पैसा बंदराबाहेर कितीतरी धंद्यांत पसरला होता. आमच्याकडे न्हावाशेवा १९८९ ला सुरू झालं तेव्हा टोळीवाला कधीच संपलेला होता, कामं गेली ती आमच्यासारख्या नोंदणीकृत माणसांची.

गोळीबाराची हकीकत आपण सविस्तर दिलीच आहे, म्हणून एवढंच: ११ जुलै १९७८ ला क्योतोच्या ‘बेल आमी’ क्लबमध्ये ताओकाच्या मानेला गोळी लागली, तो वाचला, आणि गोळी झाडणाऱ्या तरुणाचं प्रेत सप्टेंबरात रोक्को डोंगरात सापडलं. ताओका २३ जुलै १९८१ ला हृदयविकाराने गेला. वारस म्हणून ठरलेला माणूस काही महिन्यांतच यकृताच्या आजाराने वारला. मधल्या काळात ताओकाच्या पत्नीने कारभार सांभाळला. १९८४ ला नवा प्रमुख निवडला तर टोळी फुटली, आणि १९८५ च्या जानेवारीत तोही ओसाकाजवळ मारला गेला. पुढे चार वर्षं मारामाऱ्या.

लेखात शेवटी ‘गरिबांचा कैवारी’ असा शब्द आहे आणि १९९५ च्या कोबे भूकंपाचा दाखला आहे. टोळीने मुख्यालयातून अन्नपाणी वाटलं, हे खरं आहे. सरकारी मदत तेव्हा रेंगाळली होती, हेही खरं. पण तीच टोळी आपल्या अंगणात हॅलोविनला शेजारच्या पोरांना खाऊ वाटायची, आणि अखेर ह्योगो प्रांताला २०२० साली कायदाच दुरुस्त करावा लागला, की टोळ्यांनी अल्पवयीन मुलांना पैसे-खाऊ द्यायचा नाही. खाऊला कायद्याने बंदी घालावी लागते, म्हणजे तो खाऊ कशासाठी होता हे तिथल्या आयांना ठाऊक असणार.

जपानमध्ये टोळीचा सदस्य असणं आजही गुन्हा नाही. १९९२ पासून अमलात असलेल्या कायद्याने टोळ्यांना अधिकृत यादीत घालून त्यांच्यावर बंधनं आणली. २०११ पर्यंत सगळ्या प्रांतांत असे नियम झाले की त्यांच्याशी व्यवहार करणाराच अडचणीत येतो. बँकेत खातं नाही, भाड्याने घर नाही, मोबाइल नाही. २०२४ अखेर माणसं उरली अठरा हजार आठशेच्या आसपास, निम्म्याहून जास्त पन्नाशीपुढची. मात्र टोळी सोडलेल्यालाही पुढची पाच वर्षं सहसा खातं उघडता येत नाही, आणि खात्याशिवाय पगार नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. त्याने मग कोणाच्या कंदिलासमोर उभं राहायचं?

बंदर मात्र या कथेतून जात नाही. कितोक्युशूच्या कुदो-काई टोळीचा प्रमुख सातोरु नोमुरा याला २०२१ साली फुकुओकाच्या न्यायालयाने फाशी सुनावली, अधिकृत यादीतल्या टोळीच्या सर्वोच्च प्रमुखाला झालेली ती पहिली फाशीची शिक्षा. त्यातला एक खटला १९९८ साली मच्छीमार सहकारी संस्थेच्या माजी प्रमुखाच्या खुनाचा होता. मुळाशी होते बंदराच्या बांधकामातले हितसंबंध. २०२४ साली उच्च न्यायालयाने या एका खुनातून त्याला निर्दोष ठरवलं आणि शिक्षा जन्मठेपेवर आणली. यावर कोणी लिहिणार असेल तर कंत्राटं कोणाला मिळत होती तेही लिहावं, ही विनंती.

आपला,
एक वाचक (निवृत्त टॅली क्लार्क), शिवडी

ता.क. – जपानी ‘त’ हा आपल्या ‘त’सारखाच, जीभ दातांना लावून. जपानी बोटींवरच्या अधिकाऱ्यांच्या तोंडून मी तो शेकडो वेळा ऐकला आहे. इंग्रजांकडे हा उच्चार नाही म्हणून ते ‘टाओका’, ‘क्योटो’ म्हणतात. आपल्या खिळ्यांच्या पेटीत ‘त’ होता.